उलट्या नदीचा शेवट

१२ जानेवारी

चि. ठोक्यास आशीर्वाद.

काल मुंगीच्या नावाने एक पाकीट आलं. तुझ्या ताईने ते टेबलावर पालथं ठेवलं आणि ती शिवणाच्या वर्गाला निघून गेली. मी संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे बघितलं नाही. मग उघडलं. पत्र आलं की उत्तर गेलं पाहिजे, एवढीच सवय.

पत्र तुझ्या चित्रपट कंपनीचं आहे. ‘उलट्या नदी’च्या सात पुस्तकांवरचा तिसरा आणि शेवटचा चित्रपट तयार झालाय. तो प्रदर्शित व्हायच्या आधी नऊ वाचकांना दाखवणार आणि त्यांचं लेखी मत घेणार. त्यांना ते ‘वाचक-पंच’ म्हणतात. मुंगीने सव्वा वर्षापूर्वी अर्ज केला होता. आम्हाला पत्ताच नव्हता. तिची निवड झाली आहे.

सोबत तिच्या अर्जाची प्रत जोडली आहे. वय सतरा. ‘पुस्तकं किती वेळा वाचलीत?’ या प्रश्नापुढे लिहिलंय, ‘पहिली पाच तीन-तीनदा. शेवटची दोन अजून यायची आहेत, लवकर काढा.’ खाली एक रकाना आहे, ‘गैरहजर राहिल्यास पर्यायी नाव’. तिथे तिने माझं नाव घातलंय. नातं, वडील. पात्रता, ‘पुस्तकं कळत नाहीत, पण लबाडी चटकन कळते.’

आधी वाटलं, ती आता नाही एवढं एका ओळीत कळवावं. तसं लिहायलाही बसलो. पण तिने नाव दिलंय, आणि सातही पुस्तकं मी वाचलेली आहेत. शेवटची दोन मीच तिला मोठ्याने वाचून दाखवली, दवाखान्यात, दुपारची. तिला पुस्तक धरवत नव्हतं. आग्यासर्पाचं भाषण मी सरकारी परिपत्रकासारखं वाचतो म्हणून ती हसायची. तेव्हा मी जाणार.

एकच विचारायचं आहे. तू त्याच कंपनीच्या कारखान्यात देखाव्याच्या वस्तू बनवतोस. माझा मेहुणा तिथे आहे हे मी त्यांना आधी सांगणार. त्याने तुला काही त्रास होईल का, ते स्पष्ट कळव.

ताई बरी आहे. तू जूननंतर आला नाहीस, आधीही बरेच महिने नव्हतास. बोल लावत नाही, फक्त लिहून ठेवतोय.

— भावोजी

*

१८ जानेवारी

ती. भावोजींना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं आणि हातातली करवत खाली ठेवली. बोट वाचलं म्हणायचं.

तुम्ही पंच! ताईची अंगठी घेताना सोनाराचा काटा आधी तपासून मग सोनं तोलायला दिलंत, ते तुम्ही. तो सोनार अजून मला रस्त्यात बघून दुकानाचं दार ओढून घेतो. आता आमच्या दिग्दर्शिकाबाईंचं काही खरं नाही. एक करा, वजनमापे खात्याची ती पेटी मात्र घरी ठेवून या.

माझ्या त्रासाची काळजी सोडा. पण नातं कशाला सांगता? कोणी विचारलंय? न विचारता सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बहिणीने शोधून काढला.

आता मी काय बनवलंय ते ऐका. ती मोठी घंटा माझी. बारा फूट उंच, आतून नुसतं लाकूड आणि काथ्या, वर रंगाचे अकरा हात. पडद्यावर बघा, टोला पडला की छातीत घुमतं. राखणदारणीची झोपडी माझी. धाकट्याची नावही माझी, ती तर खरंच पाण्यावर तरंगते.

रुमाल दोन आणा. आणि शेवटी दिवे लागले तरी उठू नका. सगळी नावं सरकून जाऊ द्या, अगदी शेवटची पाटी येईपर्यंत बसा. जास्त सांगत नाही. तुम्हाला बरं वाटेल, एवढं नक्की. खूप दिवसांनी कोणाला तरी बरं वाटेल असं काहीतरी माझ्या हातून झालंय.

यायचं राहूनच जातंय. इथे शेवटच्या भागाची घाई अशी होती की आरशात बघायला वेळ नव्हता. ताईला सांगा, चित्रपट लागला की येतो.

तुमचा,
ठोक्या

*

५ फेब्रुवारी

चि. ठोक्यास आशीर्वाद.

चित्रपट परवा पाहिला. कंपनीच्या छोट्या थिएटरमध्ये आम्ही नऊ जण होतो. माझ्या शेजारी एक दंतवैद्य होते, पन्नाशीचे. ते पुस्तकातल्यासारखा निळा झगा शिवून घालून आले होते. मला म्हणाले, “तुम्ही असेच आलात?” मी म्हटलं, “इस्त्री केली आहे.” आमच्या अध्यक्ष एक ग्रंथपाल बाई आहेत. सुरुवात व्हायच्या आधीच त्यांना मेहुण्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, सुताराने कथा थोडीच लिहिली आहे, बसा.

तुझी घंटा चांगली आहे. मला माहीत असूनही लाकडाची वाटली नाही. नदी समुद्राकडून डोंगराकडे चढते ते दृश्य इतकं खरं आहे की मी पाय वर घेतले. आग्यासर्पाचं बोलणं माझ्यापेक्षा बरंच बरं. घंटा ओतणारी मुलगी जी झाली आहे, तिचे हात काम केलेल्याचे दिसतात. पाचवं आणि सहावं पुस्तक एकत्र कोंबलंय, त्याबद्दल दंतवैद्यांनी मध्यंतरात बराच आरडाओरडा केला. माझी तक्रार नाही. सात पुस्तकं तीन चित्रपटांत घालायची तर काहीतरी सांडणारच.

आता शेवट. पुस्तकात धाकटा भाऊ मरतो. नदी मेलेल्यांना वर घेऊन जाते, म्हणून त्याला मागायला मुलगी उगमापर्यंत चढते. तिथली राखणदारीण तिला सांगते, वर गेलेलं पाणी खाली येत नाही. मुलगी रिकाम्या हाताने उतरते, घंटा ओतते, वाजवते. पुस्तक संपतं.

चित्रपटात घंटा वाजल्यावर नदी थांबते, मागे वळते आणि धाकटा पाण्यातून चालत बाहेर येतो. ओलाचिंब. हसत. सगळं थिएटर रडत होतं. दंतवैद्यांनी झग्याला नाक पुसलं.

मग नावं सरकली आणि शेवटी काळ्या पडद्यावर पाटी आली. ‘मुंगीसाठी. तिच्यासाठी आम्ही नदी वळवली.’

ठोक्या, तिला मुंगी म्हणणारी माणसं जगात तीन उरली आहेत. त्यांपैकी दोघांनी हे केलेलं नाही.

बाकी आठ जणांनी तिथल्या तिथे फॉर्म भरून सही केली. मी फॉर्म घरी आणला. अठ्ठावीस तारखेपर्यंत मुदत आहे. तिचं नाव तिथे कसं गेलं आणि शेवट कोणी बदलला, ते मला सविस्तर कळव.

— भावोजी

*

९ फेब्रुवारी

ती. भावोजींना सा. नमस्कार.

‘सविस्तर कळव.’ वाचून वाटलं, मी दुकानदार आहे आणि तुम्ही धाड घातली आहे. ठीक आहे, कळवतो.

मीच सांगितलं. मागच्या ऑगस्टमध्ये शेवटच्या दृश्याची घंटा उभी करत होतो. दिग्दर्शिकाबाई बघायला आल्या. मी शिडीवर बसून रडत होतो. सहा फुटांचा माणूस, हातात रंगाचा ब्रश. त्यांनी विचारलं, मी सांगून टाकलं. भाची होती, ही पुस्तकं म्हणजे तिचा जीव होता, जूनमध्ये गेली. त्या शिडीच्या पायरीवर बसल्या. सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी शेवट बदलला.

आणि तो शेवट माझा नाही, बाईंचाही नाही. तिचा आहे. तुम्हाला हे मी कधी सांगितलं नव्हतं. मे महिन्यात मी दवाखान्यात फोन केला होता. विचारलं, “मुंगे, शेवटी धाकटा परत येतो ना गं?” ती म्हणाली, “येतो मामा. ओलाचिंब होऊन येतो. हसत येतो.” तिचे शब्द, भावोजी. मी बाईंना सांगितले आणि त्यांनी जसेच्या तसे पडद्यावर आणले. तुम्ही ज्याला नाक मुरडताय ते तुमच्या मुलीच्या तोंडचं वाक्य आहे.

मी पुस्तकं वाचलेली नाहीत, मी चित्रं बघून काम करतो. तिने सांगितलं तेच पुस्तक, असं मी धरून चाललो होतो. पुस्तकात वेगळं आहे हे मला बाईंनीच सांगितलं. मी म्हटलं, मग पुस्तक चुकलंय.

मला वाटलं होतं तुम्ही बघाल आणि तुम्हाला एक क्षण तरी वाटेल की ती... जाऊ द्या.

आता व्यवहाराचं. नऊच्या नऊ सह्या झाल्या तर जाहिरातीत ‘वाचक-पंचांनी एकमताने गौरवलेला’ असं छापायचंय. आठ झाल्या आहेत. नववी कोणाची राहिली आहे ते इथे चहावाल्यालाही माहीत आहे. काल व्यवस्थापक मला म्हणाले, “तुमच्या भावोजींना समजवा. नाहीच जमलं तर त्यांना गैरहजर दाखवू.” पुढच्या कामाला माझं नाव घ्यायचं की नाही हे तेच ठरवतात.

एक सही, भावोजी. आयुष्यभर लोकांच्या तराजूंवर शिक्के मारलेत. एक मुंगीच्या मामासाठी मारा.

— ठोक्या

*

१५ फेब्रुवारी

चि. ठोक्यास आशीर्वाद.

तुझं पत्र चार दिवस खिशात होतं. ऑफिसात दोनदा काढलं आणि परत ठेवलं.

तू लिहितोस की फोनचं मला माहीत नाही. मी त्याच खोलीत होतो. खिडकीजवळच्या खुर्चीत. सातवं पुस्तक मांडीवर होतं, संपवून दोन दिवस झाले होते. तिने फोन ठेवल्यावर मी विचारलं, “मामाला खोटं का सांगितलंस?” ती म्हणाली, “बाबा, मामाला पोहता येत नाही. तो बुडेल.” तुझी ताई कोपऱ्यात सफरचंद चिरत होती, ती हसली. त्या आठवड्यातलं आमचं तेवढंच हसणं.

तिने तुला सांभाळून घेतलं, ठोक्या. तिला काय हवं होतं ते तिने तुला सांगितलं नाही. तुला काय हवं होतं ते सांगितलं.

आता माझं सांगतो. हे ताईलाही माहीत नाही.

शेवटचं प्रकरण मी तिला वाचून दाखवत होतो तेव्हा ताई औषध आणायला खाली गेली होती. मी दोन पानं पुढे नजर टाकली आणि मला कळलं की धाकटा येत नाही. मग मी न थांबता वाचत राहिलो, पण पुस्तकातलं नाही. मनाचं. म्हटलं, नदी थांबली, पाणी मागे फिरलं, आणि भाऊ काठावर आला. मला गोष्टी रचता येत नाहीत. ‘सदर भाऊ सुखरूप परत आला’ असं काहीतरी बोललो असेन. तिने डोळे मिटलेले होते. तशीच म्हणाली, “बाबा, हे पुस्तकातलं नाही. हे तुझं आहे. जे लिहिलंय ते वाच.”

मी म्हटलं, आज इथेच थांबू.

ती म्हणाली, “वाच.”

मी वाचलं. ती रिकाम्या हाताने उतरते ते, घंटा ओतते ते, सगळं. संपल्यावर तिने परत वाचायला लावलं. मग म्हणाली, “बाईने फसवलं नाही हं.” लेखिकेबद्दल म्हणत होती. दोन वर्षांत डॉक्टरांपासून माझ्यापर्यंत प्रत्येकाने तिला बरं वाटावं म्हणून काही ना काही सांगितलं होतं. न फसवणारी ती एकच बाई तिला भेटली, आणि तुम्ही त्या लेखिकेच्याच तोंडी हे घातलंत. वर मुंगीचं नाव लावलंत.

तू शिक्क्यांचं लिहिलंस म्हणून सांगतो. एका किराणावाल्याचा काटा मी नापास केला होता. तो गिऱ्हाइकाला पन्नास ग्रॅम जास्त द्यायचा. दुकानदार म्हणाला, “साहेब, नुकसान माझं, गिऱ्हाईक खूश, मग तुमच्या पोटात का दुखतं?” मी म्हटलं, काटा खोटा आहे, कोणाच्या बाजूने खोटा आहे ते मी बघत नाही. आम्ही आधी रिकामं पारडं बघतो. रिकाम्या पारड्याला काटा शून्यावर आला नाही, तर पुढे वजन ठेवतच नाही. तुमच्या चित्रपटाला रिकामं पारडं रिकामं दाखवायची हिंमत झाली नाही.

तुझ्यावर राग आहे का? आहे. शेवटाबद्दल कमी. ती जाण्याआधी पाच महिने तू आला नाहीस. तिने तीनदा विचारलं. निरोप घेतला नाहीस आणि मग बारा फुटांची घंटा बांधून तिला परत बोलावलंस. माझी सही त्याच्याखाली मागू नकोस.

तुझ्या कामावर गदा येणार असेल तर वाईट वाटेल. पण मी गैरहजर नव्हतो. तसं लिहू देणार नाही.

— भावोजी

*

२४ फेब्रुवारी

ती. भावोजी,

आठवडाभर उत्तर दिलं नाही. पहिले चार दिवस तुम्हाला जे जे म्हणत होतो ते इथे लिहीत नाही. ताई वाचेल.

पाचव्या दिवशी सातवं पुस्तक आणलं. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर राखणदारणीच्या झोपडीत बसून शेवटची पानं वाचली. मला पोहता येत नाही, हे खरं आहे.

काम होतं म्हणून आलो नाही असं मी सगळ्यांना सांगत आलो. काम होतं. पण रविवारही होते. दोनदा दवाखान्याच्या फाटकापर्यंत आलो होतो. समोरच्या दुकानात चहा घेतला आणि परतीची गाडी पकडली. तिला तसं बघायचं नव्हतं. तिला मला बघायचं असेल, हे डोक्यातच आलं नाही.

बाईंकडे गेलो. म्हटलं, दृश्य काढा. त्या म्हणाल्या, ते शक्य नाही, प्रदर्शन तोंडावर आहे, आणि लोक रडतात. म्हटलं, मग निदान पाटी तरी काढा. म्हणाल्या, पाटी शेवटच्या क्षणापर्यंत निघू शकते, पण सुताराच्या सांगण्यावरून काढली तर उद्या रंगारी येईल. घरच्यांनी लेखी मागितलं तर विचार करू. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, तुमचे भावोजी दुःखात आहेत, त्यांच्याकडून हे स्वाभाविक आहे.

मला खांद्यावरचा तो हात आवडला नाही.

तेव्हा लिहा. माझं नाव कुठे घालायचं असेल तर घाला. मी सांगितलं होतं असं घाला. व्यवस्थापकांना मी काल सांगून टाकलं की भावोजींना समजावणं माझ्या बापालाही जमलं नव्हतं. कडक लिहा. ताईच्या लग्नाच्या वेळी तुम्ही आमच्या बाबांना लिहिलं होतं तसं.

— ठोक्या

*

२६ फेब्रुवारी

मा. अध्यक्ष,
वाचक-पंच समिती, यांस

महोदया,

तुमचा फॉर्म सोबत भरून पाठवत आहे. रकान्यांत जागा कमी असल्याने हे पत्र जोडतो. ते मताचाच भाग समजावं.

देखावे, दहापैकी दहा. आग्यासर्प, नऊ. मुख्य भूमिका, दहा. संगीतातलं मला कळत नाही, म्हणून तो रकाना कोरा ठेवला आहे. कथेची काटछाट, सात. हे गुण मी मनापासून दिले आहेत.

‘पुस्तकाशी प्रामाणिकपणा’ या रकान्यात शून्य. ‘हा चित्रपट वाचकांना पाहण्यास सुचवाल का’ याचं उत्तर, नाही.

कारण शेवट. या सात पुस्तकांतलं पहिलं पान ज्या गोष्टीसाठी लिहिलं गेलं, ती म्हणजे मुलगी रिकाम्या हाताने उतरते आणि तरी घंटा ओतते. भाऊ परत आला तर घंटेची गरजच काय? मग ती चढाई, ते नकार ऐकणं, ते परत कामाला लागणं, सगळं फुकट. कंपनीने नदी वळवली नाही, पुस्तक बुडवलं.

मला असं कळवण्यात आलं आहे की मी शोकात आहे म्हणून माझं मत कडक आहे. हे चूक आहे. मी शोकात आहे म्हणून मला तो शेवट आवडला. धाकटा पाण्यातून बाहेर आला तेव्हा मी रडलो, आणि तो पडद्यावर होता तेवढा वेळ तो तसाच राहावा असं मला वाटलं. रडू येणं म्हणजे मत नव्हे. मत हे आहे.

मला गैरहजर दाखवावं अशीही एक सूचना आहे. मी तीन फेब्रुवारीला दुपारी दोनपासून सव्वापाचपर्यंत हजर होतो, शेवटची पाटी जाईपर्यंत बसलो होतो. हजेरीपटावर सही आहे. तुम्ही स्वतः मला पाणी दिलं होतं. ‘एकमताने’ हा शब्द जाहिरातीत छापू नये. ‘नऊपैकी आठ’ छापायला माझी हरकत नाही. नववा कोण असं कोणी विचारलं, तर माझं नाव सांगावं.

माझा मेहुणा कंपनीत सुतार आहे. शेवट बदलण्यामागचं निमित्त तो होता, हे त्याच्याच सांगण्यावरून इथे नोंदवतो. त्याने जे सांगितलं ते त्याला एका आजारी मुलीने मायेपोटी सांगितलेलं होतं. चूक त्याची नाही. ज्यांनी पुस्तक वाचलं होतं त्यांची आहे. त्याची घंटा पहिल्या प्रतीची आहे आणि त्याच्या कामाला या पत्राची झळ लागू नये.

कंपनीने शेवटची पाटी काढावी, ही आम्ही आई-वडील म्हणून लेखी मागणी करतो. सोबतच्या कागदावर दोघांच्या सह्या आहेत. पाटीवर जिचं नाव आहे ती मुलगी अठरा वर्षांची होती, सगळं समजणारी होती, आणि जे लिहिलंय तेच ऐकायचं, असा तिचा आग्रह होता. ती परत आलेली नाही. परत आणा, असं ती कोणालाही म्हणाली नव्हती.